रातकिड्याचा एफसीआर

टी.ई.ला सेमिनारचा विषय आपला आपण निवडायचा असतो असं सीनियर्सनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात आमच्या गाइड सरांनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि डबा वर्गात फिरवला. कोणाला हायड्रोजन आला, कोणाला सोलर ड्रायर. माझ्या चिठ्ठीवर होतं, ‘मांस-मासळीला शाश्वत पर्याय म्हणून कीटक’. मी मेकॅनिकलची! सरांकडे जाऊन म्हटलं, सर, हे बायोवाल्यांचं आहे. ते म्हणाले, "त्यात हीट ट्रान्सफर आहे, मास बॅलन्स आहे. कर."

मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर त्याचं श्रेय संपादक मंडळाचं. कॉन्व्हेंटचा या विषयात एक उपयोग मात्र झाला. बाप्तिस्मा करणारा योहान रानात टोळ आणि मध खाऊन राहायचा, ही गोष्ट सिस्टरांनी आम्हाला तिसरीत सांगितली होती आणि अख्खा वर्ग एका सुरात "ईऽऽ" म्हणाला होता.

तोच "ईऽऽ" मी दुसऱ्यांदा काढला तो हॉस्टेलवर. माझी रूममेट भामरागड तालुक्यातली, माडिया. मागच्या वर्षी सुट्टीहून येताना तिने डब्यातून एक कोरडी चटणी आणली होती. तिखट, आंबट, छान लागेल अशी. मी पोळीवर घेतली आणि घास उचलता उचलता विचारलं, कसली गं? ती म्हणाली, लाल मुंग्यांची. मी घास ताटात टाकून उठले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी शेजारच्या दोन रूममध्ये जाऊन ते हसत हसत सांगून आले. परत आले तेव्हा डबा तिच्या ट्रंकेत गेलेला होता. नंतर तो मला कधी दिसला नाही. सेमिनारचा विषय कळल्यावर ती फक्त "बरं" म्हणाली.

असो. विषयाकडे वळते.

या विषयावरचं काहीही उघडा, सुरुवातीला एकाच अहवालाचं नाव येतं: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, २०१३ सालचा. जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या पारंपरिक जेवणात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९०० हून जास्त आहेत, हे त्यातलंच. आणि त्यातलाच तो तक्ता, जो प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो. एक किलो जिवंत वजन वाढवायला किती किलो खाद्य लागतं? गुरांना १०, डुकराला ५, कोंबडीला २.५ आणि रातकिड्याला १.७.

यामागचं कारण आपल्याला फर्स्ट इयरच्या थर्मोवरूनच कळेल. कोंबडीचं शरीर ४१ अंशांच्या आसपास असतं. बाहेर थंडी असो, पाऊस असो, तिला ते तिथेच ठेवायचं असतं, आणि त्यासाठी खाल्लेल्यातला बराच भाग नुसता जळतो. रातकिडा थंड रक्ताचा. हवेचं जे तापमान तेच त्याचं. म्हणजे त्याचा बॉयलर बाहेर आहे, आणि थायलंडसारख्या देशात तो सूर्य फुकट चालवतो. शिवाय कोंबडीचं पीस, आतडी, हाडं बाजूला पडतात. रातकिड्याचा ८० टक्के भाग खाता येतो, कोंबडीचा अहवालाप्रमाणे ५५. हा हिशोब धरला की एक किलो ‘खाण्याजोग्या’ भागाला रातकिड्याला २.१ किलो खाद्य लागतं, कोंबडीला ४.५ आणि गुरांना २५! मी ही स्लाइड लाल-हिरव्या बारचार्टमध्ये केली. फार सुंदर दिसत होती.

सेमिनारच्या आधीच्या शनिवारी काकांकडे गेले. काकांची गावाकडे पोल्ट्री आहे, पाच हजार पक्ष्यांची, करारावरची. म्हणजे पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि कष्ट काकांचे. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी येते, लिफ्टिंग होतं, आणि मग हिशोब. त्या हिशोबात दोन आकड्यांवर काकांचं घर चालतं: मरतूक आणि एफसीआर. एफसीआर म्हणजे फीड कन्व्हर्जन रेशो, तोच माझ्या तक्त्यातला आकडा. मी लॅपटॉपवर त्यांना स्लाइड दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बारचार्टकडे बघितलं आणि विचारलं,

"हा अडीच कुठून आणलास गं?"

"यूएनचा आहे काका."

"यूएनला म्हणावं इकडे ये. अडीच एफसीआर आला तर कंपनी पुढची बॅच टाकणार नाही माझ्याकडे. मागचा लॉट एक पॉइंट सहाला गेला, तरी सुपरवायझर कुरकुरत होता."

मग त्यांनी वहीच आणून दाखवली. शेवटच्या सहा बॅचेस. सगळ्या १.५५ ते १.७ च्या मधल्या, आणि हे काही काकांचं एकट्याचं कौतुक नव्हे, आजच्या ब्रॉयलरच्या जाती आणि खाद्य यांवर हे सगळीकडेच निघतं. मी रात्री बसून पुन्हा गणित केलं. १.६ भागिले ०.५५, म्हणजे २.९. रातकिडा २.१ वरच. साडेचार आणि दोन यांतला दुपटीहून मोठा फरक एका रात्रीत एक तृतीयांशावर आला. सकाळी ते काकांना सांगितलं, तर ते ५५ वरसुद्धा अडले. "पाय, मान, कलेजी-पेटा आम्ही टाकतो काय? दुकानदाराला विचार, सोललेला पक्षी सत्तर टक्के भरतो." हाडासकट सत्तर धरले तर १.६ भागिले ०.७, म्हणजे २.३. रातकिडा आणि कोंबडी जवळजवळ शेजारी येऊन बसले.

सेमिनार मंगळवारी होता. तेव्हा मला फार राग आला, तोही काकांचा, एफएओचा नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बैलाच्या किंवा डुकराच्या मांसाशी तुलना केली तर रातकिडा आजही कितीतरी पुढे आहे, आणि युरोप-अमेरिकेत ती तुलना रास्त आहे. पण भारतात जे मांस तयार होतं त्यातलं निम्म्याच्या आसपास कोंबडीचं. आपल्याकडे रातकिड्याची खरी शर्यत काकांच्या शेडशी आहे. आणि मासळीचं म्हणाल, तर मासाही थंड रक्ताचाच! पिंजऱ्यात वाढवलेल्या सामन माशाचा एफसीआर १.२ ते १.३ असतो. थंड रक्ताचा फायदा कीटकांनी एकट्यांनी घेतलेला नाही. माशांची अडचण वेगळी आहे, तिच्यावर पुढे येते.

दुसरी स्लाइड पडली ती प्रोटीनची. ‘रातकिड्यात ६५ टक्के प्रोटीन, कोंबडीत फक्त २०’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मीही लिहिलं होतं. ही तुलना कशी फसवी आहे ते कळायला माझ्या आजोळचं उदाहरण पुरेल. आईचं माहेर रत्नागिरीचं. तिथे पावसाळ्यासाठी सुका जवळा भरून ठेवतात. ओल्या जवळ्याची टोपली उन्हात घातली की मूठभर उरतो. मग किलोमागे प्रोटीन वाढलं म्हणायचं की पाणी गेलं म्हणायचं? रातकिड्याचे ६५ टक्के हे वाळवलेल्या पुडीचे आहेत आणि कोंबडीचे २० हे ओल्या मांसाचे. जिवंत रातकिड्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि ओल्यावर मोजलं तर त्याचंही प्रोटीन शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या जवळपास येतं. म्हणजे कोंबडीइतकंच. ड्राय बेसिस आणि वेट बेसिस यांची गल्लत केली म्हणून व्हायव्हात आपले मार्क कापतात. इथे ती बिनधास्त छापली जाते.

त्यातही एक ग्यानबाची मेख आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. पण कीटकाचं कवच कायटिनचं असतं आणि कायटिनमध्येही नायट्रोजन आहे, तो प्रोटीन म्हणून मोजला जातो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तीन जातींच्या अळ्यांवर काम करून दाखवलं की तिथे ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणायला हवं. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा प्रोटीन कागदावरचंच.

जवळ्यावरून आठवलं. जवळा म्हणजे डोळे, पाय, मिशा, कवच, सगळं अख्खं खायचं. कांद्यावर परतलेला जवळा भाकरीबरोबर मी लहानपणापासून खाते, आणि कधी कुणी "ईऽऽ" केलं नाही. कोळंबी, जवळा, खेकडा आणि रातकिडा हे सगळे संधिपाद, म्हणजे एकाच मोठ्या घराण्यातले. नातं इतकं जवळचं, की ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना रातकिड्याचीही येऊ शकते, कारण ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंमधलं प्रोटीन दोघांत सारखंच असतं. युरोपीय संघाने २०२१ पासून पिठातल्या अळ्या, टोळ, रातकिडे अशा काही जातींना खाद्य म्हणून एकेक करून परवानगी दिली, तेव्हा पाकिटावर ही सूचना छापणं सक्तीचं केलं. तुमच्यापैकी कोणी हौसेने ऑनलाइन पुडी मागवणार असाल आणि कोळंबीने अंगावर पित्त उठत असेल, तर मागवू नका.

आता थायलंड, कारण कीटक ‘शेती’ म्हणून खरोखर कुठे उभे राहिले असतील तर तिथे. गोष्ट सुरू होते आपल्याच नावापासून. ‘बॉम्बे लोकस्ट’ नावाचा एक टोळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला होता. त्याचं शास्त्रीय नाव ‘पतंगा’. १९७०च्या दशकात हा थायलंडच्या मक्यावर पडला. विमानातून फवारणी करूनही आटोक्यात येईना, तेव्हा तिथल्या सरकारने दशकाच्या शेवटी लोकांना सांगितलं, पकडा आणि खा. लोकांनी तळून खाल्ला, आणि तो इतका आवडला की आज बँकॉकच्या गाड्यावर तळलेला ‘पतंगा’ याच नावाने मागतात. शब्द आपला, टोळ आपला, भजी त्यांची!

रातकिड्यांची शेती तिथे १९९८ च्या सुमारास खोन केन विद्यापीठाने दिलेल्या तंत्रावर सुरू झाली. एफएओच्या २०१३ च्याच दुसऱ्या एका पाहणीत सुमारे २०,००० शेतकरी आणि वर्षाला सरासरी ७,५०० टन असा आकडा आहे. तंत्र म्हणाल तर फार साधं. सिमेंटच्या ठोकळ्यांचं गुडघ्याएवढं कुंड, वरच्या कडेला आतून गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे किडे चढून बाहेर येत नाहीत, वरून मच्छरदाणी. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले. त्या खळग्यांत हजारो किडे दाटीवाटीने राहतात आणि एकाच जागेत पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. (आमच्या हीट एक्स्चेंजरच्या फिन्स, दुसरं काय.) अंडी घालायला ओल्या भुशाच्या वाट्या ठेवतात. दीड महिन्यात पीक तयार. म्हणजे काकांच्या बॅचएवढाच काळ! खाद्यही काकांचंच: मका आणि सोयापेंड असलेलं कोंबडी खाद्य. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. म्हणून काढणीच्या आधीचे काही दिवस ते बंद करून भोपळा आणि पालेभाज्या देतात. खर्च वाचतो आणि चव सुधारते. ईशान्य थायलंडमधल्या या शेतीचा पर्यावरणावरचा भार २०१७ मध्ये मोजला गेला. तो बहुतेक बाबतींत ब्रॉयलरपेक्षा कमी निघाला, पण जो होता त्यात मोठा हात खाद्याचाच होता.

म्हणजे फिरून फिरून प्रश्न एकच येतो, आणि तो काकांनी शनिवारीच विचारला होता. "ते सगळं ठीक आहे, पण त्यांना खायला काय घालणार? माझंच खाद्य घालणार असशील तर ती बारकी कोंबडीच झाली की."

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लंडी आणि पॅरेला यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. रातकिड्यांचे गट करून प्रत्येकाला वेगळं खाद्य दिलं. कोंबडी खाद्यावरचे छान वाढले, पण प्रोटीनचा हिशोब कोंबडीपेक्षा फारसा सरस निघाला नाही. आणि शहरातलं फारशी प्रक्रिया न केलेलं उष्टंखरकटं, किंवा काड-पेंढ्याचं खाद्य ज्यांना दिलं, त्यांची मरतूक ९९ टक्क्यांहून जास्त! काढणीएवढे मोठेच झाले नाहीत. ‘कीटक कचऱ्यावर वाढतात’ असं आपण सहज म्हणून जातो. रातकिडे नाही वाढत.

वाढते ती ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी. ही काळी, लांबट माशी चावत नाही, आपल्या ताटावर घोंगावत नाही, आणि तिची अळी खरकटं, भाजीबाजारातला सडका माल, शेण, काहीही दोन-तीन आठवड्यांत फस्त करते. वाळवलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं (वाळवलेल्या, हे लक्षात ठेवा). ही माणसांनी खायची कल्पना मागे पडली आहे, पण मासळीची जी अडचण मी मघाशी बाजूला ठेवली ती इथे सुटू शकते. वाढवलेल्या माशांना जे खाद्य देतात त्यात फिशमील असतं, म्हणजे समुद्रातल्या लहान माशांची कुटी. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ६० लाख टन मासळी फक्त फिशमील आणि मासळीच्या तेलासाठी वापरली गेली. एक मासा वाढवायला दुसरे मासे उपसायचे. त्या कुटीच्या जागी अळी आली तर समुद्रातला तो उपसा तेवढा कमी होईल. युरोपने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांच्या प्रोटीनला परवानगी दिलीही.

पण तिथे कायदा आडवा येतो. अन्नसाखळीत जाणारा कीटक हा तिथल्या कायद्याप्रमाणे पाळीव जनावर, आणि पाळीव जनावराला हॉटेलचं खरकटं किंवा शेण घालायला बंदी आहे. बंदी उगीच नाही, रोगांच्या भीतीने आहे. परिणाम असा की कचरा खाऊ शकणाऱ्या अळीला धान्याचा कोंडा आणि असाच चांगला माल विकत घेऊन घालावा लागतो, वर युरोपच्या थंडीत शेड तापवावी लागते. फ्रान्समधली इन्सेक्ट नावाची कंपनी पिठातल्या अळ्यांवर ६० कोटी डॉलरच्या घरात भांडवल उभं करून बसली होती. २०२४ मध्ये तिला कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं आणि २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. कारणं अनेक असतील, पण मला तिच्यात काकांचा प्रश्न दिसतो.

माझं मत असं झालं. जो किडा माणसाच्या किंवा कोंबडीच्या तोंडचं खातो, तो माणसाने सरळ खावा. त्याची भुकटी करून पुन्हा कोंबडीला घालणं म्हणजे एका पायरीवर उगीच नुकसान. जी अळी आपलं टाकलेलं खाते, ती कोंबडीला आणि माशाला घालावी. आणि आपल्याकडे, जिथे तापवायला काही लागत नाही आणि प्रत्येक मेसच्या मागे खरकट्याचा ड्रम भरलेला असतो, तिथे दुसऱ्या वाटेवर काम करायला जास्त वाव आहे. पण तो ड्रम सुरक्षित कसा करायचा, किती अंशांना किती वेळ तापवायचा, त्याला किती इंधन जाईल, हे आधी सोडवावं लागेल. ते काम मेकॅनिकलचं आहे, सरांचं बरोबर होतं.

सोमवारी रात्री मी बारचार्ट काढून टाकला. त्याजागी काकांच्या वहीच्या पानाचा फोटो लावला, अक्षरासकट. धाकधूक होती. यूएनच्या आकड्यासमोर गावातली वही! सेमिनारला बाहेरून आलेल्या मॅडमनी ती स्लाइड दोन मिनिटं बघितली आणि विचारलं, खाद्याच्या पोत्यांचा ओलावा धरला आहे का? धरला नव्हता. पण बाकी त्यांनी मान्य केलं.

शेवटी प्रश्न विचारायला मुलांना सांगितलं तेव्हा मागून एकाने विचारलं, "तू स्वतः खाल्लास का गं किडा?" सगळे हसले. खाल्ला नव्हता. मी ओडिशाच्या मयूरभंजमधल्या लाल मुंग्यांच्या चटणीबद्दल सांगितलं, की तिला जानेवारी २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, दार्जिलिंगच्या चहाला असतं तसं. या मुंग्या झाडावर जिवंत पानं शिवून घरटी करतात. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने त्या चिकटवतात. चटणीचा आंबटपणा असतो तो फॉर्मिक ॲसिडचा. सगळं सांगितलं. दुसऱ्या शाखेची असूनही माझी रूममेट शेवटच्या बाकावर येऊन बसली होती, ते मला हे सांगताना दिसलं.

रात्री रूमवर मी तिला म्हटलं, मागच्या वर्षीचं चुकलंच माझं. ती म्हणाली, "हो, चुकलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दार्जिलिंगच्या चहासारखं काय त्यात? आमच्याकडे ताप आला की देतात."

दिवाळीहून येताना तिने पुन्हा डबा आणला. या वेळी तिने मला दिला नाही, नुसता टेबलावर उघडा ठेवला. मी पोळीला लावून खाल्ली. कच्च्या कैरीसारखी आंबट लागते, मागून मिरची येते. मीठ जरा जास्त होतं. तसं मी तिला सांगितलंसुद्धा, तर ती म्हणाली, आईला सांगते.